सूर्यचूल आणि घरचे घड्याळ

कर्जतहून कडावमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे हे गाव लागते. येथून एक रस्ता खांडसकडे, म्हणजे भीमाशंकरच्या पायथ्याकडे जातो, तर दुसरा आंबिवलीकडे, कोथळीगडाच्या दिशेने वळतो. डोंगरकुशीतील ठाकर आणि कातकरी वाड्यांतील माणसांना दवाखाना असो, किराणा असो वा सरकारी कागद असो, कशेळ्यास उतरल्यावाचून गत्यंतर नसते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने आकाश बहुधा निरभ्र असते. माघ-फाल्गुनापासून ऊन असे तापू लागते, की दुपारी अंगणातील पत्र्याला हात लावता येत नाही.

हे ऊन फुकट जाते आणि त्याच उन्हातून बायका डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरतात, हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात एकच विचार येतो. हेच ऊन यांच्या चुलीत घालता आले तर? तो विचार आमच्याही मनात आला. तो मनात येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यांचा इतिहासही जुना आहे, आणि त्या इतिहासात आपणां दान देणाऱ्यांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या मोळीविषयी. लाकूड रानात फुकट मिळते असे शहरातील माणसास वाटते. प्रत्यक्षात एका मोळीमागे अर्धा दिवस जातो, मानेचे मणके झिजतात, आणि जवळचे रान विरळ झाले की पायपीट वाढत जाते. काही घरांतील बाई दोन मोळ्यांपैकी एक घरी ठेवते व दुसरी विकते. त्या पैशांतून तेल-मीठ येते. मोळी हे तिचे जळण आहे, तशीच ती तिची मजुरीही आहे. पुढे धुराचा प्रश्न. खिडकी नसलेल्या कुडाच्या घरात चूल पेटली की डोळे चोळीत बसलेली म्हातारी आणि खोकणारे मूल हे घरोघरचे चित्र. घरातील चुलीच्या धुराने व तत्सम प्रदूषणाने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यांत पाच वर्षांखालील बालके दोन लाखांहून अधिक होती. याच कर्जत तालुक्यात भिवपुरीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ साली सुरू झाले आणि घाटमाथ्यावर साठविलेल्या पाण्यातून निघालेली वीज मुंबईस जाऊ लागली. त्या घटनेस शतक उलटून गेले, तरी त्याच डोंगराच्या सावलीतील वाड्यांत तीन दगडांची चूल अद्याप पेटतेच आहे. तेव्हा उन्हावर अन्न शिजविण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांच्या मनातील करुणा खरी होती, यात शंका नाही.

ही कल्पना मुंबईस तरी नवी नाही. विल्यम ॲडम्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत आरशांची एक अष्टकोनी चूल तयार केली आणि १८७८ साली त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. जानेवारीच्या उन्हात सात सैनिकांचे मांस व भाजी दोन तासांत शिजली, असे त्याने नमूद केले आहे. उष्ण देशांत लाकूड-कोळशाऐवजी ऊन वापरावे, हा त्याचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने अंतर्वक्र आरशाची चूल तयार केली. ती बाजारात आली, वर्तमानपत्रांत गाजली. घरांत मात्र रुजली नाही. पुढे १९८० च्या दशकात शासनाने पेटीच्या सूर्यचुलीस अनुदान दिले व नंतरच्या दशकात ते काढून घेतले. आमच्या वाचकांपैकी अनेकांना ती पेटी आठवत असेल. आतून काळा रंग दिलेली, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा असलेली, सुटकेससारखी दिसणारी ती वस्तू आपल्या गच्च्यांवर व अंगणांत विराजमान झाली होती. तिच्यात डाळ-भात दीड-दोन तासांत शिजे, शेंगदाणे खरपूस भाजून निघत, आणि नाताळच्या सुमारास एखादी हौशी गृहिणी तिच्यात केकही भाजीत असे.

तिचे शास्त्र सोपे आहे. सूर्यप्रकाश काचेतून आत जातो, काळा पत्रा तो शोषून तापतो, आणि त्या पत्र्यातून निघणारी उष्णता काचेतून सहजी बाहेर पडत नाही. बंद मोटारगाडी उन्हात उभी करून ठेवणाऱ्या प्रत्येकास हा अनुभव आहे. पेटीतील उष्णता शंभर अंशांच्या थोडी वर जाते. तेवढ्यावर भात, डाळ, कंद शिजतात. तव्यावरची भाकरी होत नाही, फोडणी देता येत नाही, सुकट परतता येत नाही. अंतर्वक्र तबकडीच्या चुलीवर ही सर्व कामे होतात. परंतु तिच्याजवळ उन्हात उभे राहावे लागते आणि सूर्य सरकेल तशी ती फिरवावी लागते. बव्हेरियात आल्टऑटिंग हे पवित्र मरियेचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. तेथील व्यवसायशिक्षण शाळेच्या आधाराने काम करणाऱ्या मंडळींनी जर्मन अभियंता डिटर झायफर्ट यांची १.४ मीटर व्यासाची अशी तबकडी अनेक गरीब देशांत पोहोचविली. अमेरिकेत १९८७ साली स्थापन झालेल्या 'सोलर कुकर्स इंटरनॅशनल' या संस्थेने पुठ्ठ्यावर चकचकीत कागद चिकटवून बनविलेली घडीची चूल १९९५ पासून केनियातील काकुमा निर्वासित छावणीत नेली. चाडमधील इरिदिमी छावणीत दार्फूरहून जीव घेऊन पळालेल्या स्त्रिया अशा चुली स्वतःच्या हातांनी बनवू लागल्या. छावणीबाहेर सरपणासाठी जाणे म्हणजे अत्याचारास सामोरे जाणे, अशी तेथील स्थिती होती. पुठ्ठ्याच्या त्या चुलीमुळे बाहेर जाण्याची पाळी कमी येई, आणि तेवढ्या प्रमाणात त्या सुरक्षित राहत.

आता पुन्हा कशेळ्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी शहरातील एका धर्मादाय मंडळाने तेथील एका वाडीत पेटीच्या सूर्यचुली वाटल्या. मंडळाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांची भावना निर्मळ होती. समारंभ झाला, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. पुढच्या उन्हाळ्यात अन्य कामानिमित्त आमचे त्या वाडीत जाणे झाले. एका पेटीत कोंबडीची पिले सुखाने नांदत होती. दुसरीत शाळेची पुस्तके उंदरांपासून जपून ठेवली होती. तिसरीची काच फुटली होती आणि आरसा घरात भिंतीला टांगला होता. त्यात पाहून एक मुलगी वेणी घालीत होती.

आमच्यासोबत आलेले एक सद्गृहस्थ खिन्न झाले. "या लोकांना चांगल्या वस्तूची किंमतच नाही, फादर," असे ते म्हणाले. आम्ही काही उत्तर दिले नाही. अंगणात भात पाखडीत बसलेल्या एका ठाकर बाईंना आम्ही सहज विचारले, "मावशी, ती पेटी का वापरीत नाही?"

त्यांनी सूप खाली ठेवले नाही. पाखडता पाखडताच त्या म्हणाल्या, "फादर, दिस उगवायच्या आदी माजी भाकर व्हते. मंग मी मजुरीला जाते, ती दिवं लागल्याव येते. दिस हाय तवा मी घरात नाय, मी हाय तवा दिस नाय. पेटी कवा लावू?"

इतके बोलून त्यांनी कोंडा उडविला. सद्गृहस्थ गप्प झाले.

त्या तीन वाक्यांत सारे आले होते. पेटीस दहा ते तीनचे ऊन हवे. बाईस पहाटे पाचला भाकरी हवी आणि सायंकाळी सातला भात हवा. पेटी अंगणात ठेवून कामावर जावे, तर शेरडे-कुत्री आणि पोरे यांपासून ती राखणार कोण? भाकरी हे जेथे मुख्य अन्न, तेथे भाकरी न करणारी चूल ही दुसरी चूलच ठरणार. पहिली विझणार नाही. पुढे कातकरी वस्तीत गेल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानी आली. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीस परततात. म्हणजे ज्या महिन्यांत कशेळ्यात ऊन असते, त्या महिन्यांत झोपडीला झापा लावलेला असतो. आणि ज्या महिन्यांत माणसे घरी असतात, त्या महिन्यांत सूर्याचे दर्शन दुर्लभ. पेटीत दोष नव्हता. उन्हातही नव्हता. ज्यांनी ती दिली, त्यांनी तिच्या घरचे घड्याळ व तिच्या वर्षाचे पंचांग पाहिले नव्हते, एवढेच.

आपल्या समाजात दानाची सवय जुनी आहे. उपवासकाळातील बचत, सणाच्या दिवशीचे जादा दान, आजीच्या स्मरणार्थ दिलेली रक्कम, हे आपल्या घरांत संस्कार म्हणून चालते. परंतु दान देताना वस्तूकडे आपले जितके लक्ष असते, तितके घेणाऱ्याच्या दिवसाकडे नसते. वस्तू दिसते, तिच्यावर नाव रंगविता येते. तिचा दिवस दिसत नाही. आणि वस्तू वापरली गेली नाही की आपण तिलाच अडाणी ठरवून मोकळे होतो. त्या वाडीतील स्त्रियांनी पेटीचा जो वापर केला, तो आमच्या मते अत्यंत शहाणपणाचा होता. पिले वाचली, पुस्तके वाचली, मुलीस आरसा मिळाला.

घेणाऱ्याचे पंचांग पाहून केलेल्या कामाचा दाखला शोधण्यास कशेळ्याबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. याच गावी अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्य बँकेचा उपक्रम राबविला. श्रावणाच्या सुमारास जुने धान्य संपलेले असते, नवे यायचे असते, आणि अशा वेळी घेतलेली खावटी सुगीला सावकाराच्या घरी भरमसाट होऊन परत जाते, हे आदिवासी जीवनातील जुने दुखणे. धान्य बँकेतून त्या नेमक्या महिन्यांत धान्य उसने मिळे आणि पीक आल्यावर अल्पशा वाढीने ते परत भरावयाचे असे. त्यात यंत्र नाही, चकचकीत असे काही नाही. भूक कोणत्या महिन्यात लागते, एवढा प्रश्न मात्र त्यात आधी विचारलेला आहे.

मग सूर्यचूल निरुपयोगी समजावी काय? मुळीच नाही. ती कोठे चालते, हे पाहावे. वोल्फगांग शेफलर या युरोपीय संशोधकाने आपला पहिला यशस्वी परावर्तक १९८६ साली उत्तर केनियातील एका मिशन केंद्रात उभारला. त्याची युक्ती अशी, की मोठी तबकडी घड्याळाच्या यंत्रणेने सूर्यामागे फिरते, तिचा केंद्रबिंदू मात्र एका जागी स्थिर राहतो. त्यामुळे स्वयंपाकी सावलीत, स्वयंपाकघराच्या आत उभा राहून काम करू शकतो. या रचनेवर एकाधिकार न मिळविता त्यांनी ती इतरांना वापरू दिली, हा त्या कामातील सेवाभाव विशेष नोंदविण्याजोगा आहे. भारतात दीपक व शिरीन गढिया या दांपत्याने वलसाडहून तिचा प्रसार केला. आपल्या महाराष्ट्रात शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने २००९ साली प्रसादालयाच्या गच्चीवर अशा ७३ तबकड्या बसविल्या. त्यांच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचा डाळ-भात शिजतो. आभाळ आले तर नेहमीचा बॉयलर मदतीस असतो. धुळ्याचे प्राध्यापक अजय चांडक यांनी साध्या कार्यशाळेत बनविता येईल अशी 'प्रिन्स' नावाची चौकोनी परावर्तक चूल तयार केली आणि तिचे मोठे रूप वसतिगृहे व शाळांसारख्या स्वयंपाकघरांसाठी योजिले.

या ठिकाणांत साम्य काय? तेथे जेवण दुपारी असते. स्वयंपाक करणारी व्यक्ती दिवसा तेथेच असते आणि त्याच कामाचे वेतन घेते. पदार्थ ठरलेले असतात, तेही भात, डाळ, खिचडी असे शिजवायचे. आरसा पुसणारा, खिळा सैल झाला तर घट्ट करणारा कोणी जबाबदार असतो. आणि पावसासाठी दुसरी सोय असते. या पाच गोष्टी जेथे आहेत तेथे सूर्यचूल चालते. जेथे नाहीत तेथे ती कितीही प्रेमाने दिली, तरी पिलांचे खुराडे होते.

हा हिशेब आम्हांला मांडावा लागला, तो एका कुटुंबामुळे. आमच्या धर्मग्रामातील त्या कुटुंबाने आपल्या दिवंगत मातेच्या स्मरणार्थ काही रक्कम बाजूला ठेवली होती. ती माऊली आयुष्यभर चुलीपुढे खोकत राहिली, त्या खोकल्यातच गेली. "आईला जे भोगावे लागले ते आणखी कोणा बाईला नको," असे थोरला मुलगा म्हणाला. कशेळ्याकडील एका वाडीत प्रत्येक घरास सूर्यचूल द्यावी, असा त्यांचा संकल्प होता. मनुष्य जेव्हा आपल्या दुःखातून दान काढतो, तेव्हा त्यास 'हे असे नको' म्हणणे कठीण असते. आम्ही त्यांस एवढेच सुचविले, की रक्कम हाती ठेवा, आणि प्रथम दोन दिवस तेथे जाऊन या. एक पहाट आणि एक संध्याकाळ चुलीजवळ बसून पाहा.

ते गेले. मुलगा, सून आणि शाळकरी नात. परत आले तेव्हा त्यांच्याजवळ प्रश्न होते. बायकांना काय हवे, असे विचारल्यावर कोणी पाण्याचा नळ म्हणाली, कोणी छपराला धूर जाण्यापुरती फट व दोन कौले म्हणाली, कोणी गॅसचे सिलिंडर भरायला पैसे म्हणाली. उज्ज्वला योजनेचा प्रारंभ १ मे २०१६ रोजी झाला आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत देशात ८ कोटी जोडण्या दिल्या गेल्या. या वाडीतही लाल सिलिंडर आले होते. पण दुसऱ्यांदा भरण्यास रोख पैसा एका वेळी लागतो, मोळी मात्र अंगमेहनतीवर मिळते. म्हणून सिलिंडर पाहुण्यांच्या चहापुरते राखून ठेवलेले. सूर्यचूल कोणीच मागितली नव्हती.

ती मागितली गेली एका निराळ्याच ठिकाणी. त्याच परिसरात आदिवासी मुलींचे एक छोटे वसतिगृह आहे. तेथील स्वयंपाकीण मावशींना दम्याचा त्रास होता. दुपारच्या जेवणाचा भात-डाळ त्या साडेनऊला चुलीवर चढवीत, आणि भडका व धूर अंगावर घेत. त्यांनी त्या सूनबाईंना स्पष्ट सांगितले, की तबकडीची चूल मी चालवीन, पण ती माझ्या उंचीची हवी, आरसा पुसायला मला शिडी लागू नये. आणि भाकरी मी माझ्या चुलीवरच करीन, तेवढी मला सोडा. दोन मोठ्या मुलींनी आरसे पुसण्याचे काम अंगावर घेतले. ती चूल बसवून झाली, तरी रक्कम उरली. उरलेल्या रकमेतून वाडीत ज्यांनी मागितली त्यांना छपराची कौले व धुराड्याचे नळकांडे मिळाले.

चमत्कार घडला असे आम्ही म्हणणार नाही. पावसाळ्यात तबकडी ताडपत्रीखाली झाकलेली असते. ढगाळ दिवशी लाकूड लागतेच. परंतु दिवाळीपासून वैशाखापर्यंत बहुतेक दुपारी तेथील डाळ-भात उन्हावर शिजतो, आणि मावशींना धूर सोसावा लागतो तो केवळ भाकरीपुरता. पहिल्या वर्षी पावसाच्या तोंडावर वसतिगृहाच्या पडवीत लाकडाचा ढीग अर्ध्याहून अधिक शिल्लक होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय आंधळा होता, हे जमलेल्या सर्वांस दिसत होते; प्रभू येशूसही दिसत होते. तरीही तुला माझ्याकडून काय हवे आहे, हे प्रभूने त्यास विचारून घेतले. आम्ही अनेकदा या प्रसंगावर प्रवचन केले आहे, पण त्या प्रश्नाचे मोल कशेळ्याच्या वाडीत अधिक उमगले. ज्यास काय हवे ते उघड दिसते, त्यासही विचारावे, कारण विचारण्यात त्याचा मान आहे. विचारले नाही, तर आपण दान केवळ आपल्याच समाधानास देतो.

येत्या उपवासकाळात अनेक घरांतून बचतीच्या पेट्या भरतील. कोणास सूर्यचूलच द्यावयाची असेल, तर एखादी आश्रमशाळा, वसतिगृह वा मध्यान्ह भोजन शिजविणारी शाळा पाहावी, आणि मुख्याध्यापकांबरोबर स्वयंपाकिणीशीही बोलावे. ज्यांना वाडीतील घरांसाठी काही करावयाचे असेल, त्यांनी पेंढ्याच्या पेटीचा विचार करावा. टोपलीत किंवा खोक्यात भाताचा पेंढा गच्च भरून मध्ये खळगा करावा, चुलीवर चांगली उकळी आलेले भाताचे वा डाळीचे भांडे त्यात ठेवून वर गोधडी दाबावी. उरलेले शिजणे आतल्या उष्णतेने आपोआप होते. तिला ऊन लागत नाही, राखण लागत नाही, ती पावसात चालते, आणि पेंढा प्रत्येक अंगणात आहे. मात्र तीही आधी स्वतःच्या घरी महिनाभर वापरून पाहावी. जी वस्तू आपल्या स्वयंपाकघरात टिकली नाही, ती दुसरीच्या गळ्यात घालू नये.